काठी उगारण्याआधी



कार्तिकीला निघालेली आमची दिंडी मांजरसुंब्याचा घाट चढून घटकाभर सावलीला टेकली. सीताफळीच्या दोन झुडपांमध्ये ताटाएवढे गोल जाळे होते. मधोमध पिवळ्या-चंदेरी पट्ट्यांचा एक कोळी, खाली तोंड करून बसलेला. कडेला एक फुलपाखरू फडफडत होते. सोबतच्या एका बाबांनी काठी उगारली. "इखारी हाय ते. मोडा जाळं, पाखरू तरी सुटंल."

मी म्हणालो, "बाबा, आधी वळखू तरी कोण हाय ते."

आठ पाय दोन-दोन जुळवून धरल्यामुळे चारच वाटत होते. त्यांची फुली झाली होती. त्याच रेषेत पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी. या खुणांवरून त्याला सही करणारा कोळी म्हणतात, शास्त्रात आर्जिओपी. जाळ्यात बसते ती मादी. नर तिच्यापुढे अगदीच लहान. नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माणसाला तिच्यापासून धोका नाही.

बाबांची काठी खाली आली. न ओळखता आपण 'विषारी' म्हणतो, ते नाव ठेवणे झाले. नाव घ्यायला मात्र आधी थांबून पाहावे लागते.

पण बाबांनी खरा प्रश्न विचारला, "मंग पाखराचं काय?"

माउली, या प्रश्नाने मी पुढे दोन मुक्काम अस्वस्थ होतो. फुलपाखराच्या जागी माशी असती, तर काठी उठली असती का? रूप पाहून येते ती दया की आवड? कोळ्याला दुसरे अन्न नाही, आणि भुकेपलीकडे त्याचे वैरही नाही. आपल्याला निवड आहे. तुळशीची माळ आपल्या गळ्यात आहे, त्याच्या नाही. अहिंसेचे व्रत आपल्या हाताला आहे. ते सृष्टीवर काठीने लादायचे नाही.

नाथमहाराजांनी शके 1495 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यात हा कोळीही आहे. स्वतःतून धागा काढतो, त्यावर खेळतो आणि पुन्हा गिळतो. तसाच ईश्वर विश्व प्रकट करतो आणि आवरतो. हा नुसता दृष्टांत नाही. असे कोळी जुने जाळे खरोखर खातात आणि त्याच ऐवजातून नवे विणतात. अवधूताने गुरू करताना तो शिकारी आहे म्हणून त्याला वगळले नाही.

तरी सांगतो, ती फडफड आजही डोळ्यांपुढे येते. येऊ द्यावी. ती टोचणी गेली तर वारी नुसती पायपीट होईल. फक्त त्या टोचणीने लगेच काठीला हात घालू नये.

निघताना बाबांनी जाळे चुकवून, वाकून वाट काढली. मागच्यांनाही हाक दिली, "माउली, जपून. हितं कोणीतरी बसलंय."