रागावून गायिलेले गाणे

चांगले गाणे मनापासून गायिलेले असते, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. माझीही होती. ती ज्या गाण्याने मोडली ते अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरचे.

तिथल्या मोटाउन कंपनीत 'द टेम्प्टेशन्स' नावाचा पाच कृष्णवर्णीय गायकांचा संच होता. 'सोल' गायकीतली मातब्बर मंडळी. जुलै १९७२ मध्ये त्यांची 'ऑल डायरेक्शन्स' ही तबकडी निघाली. तीत सुमारे बारा मिनिटांचे एक गाणे आहे, 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन'. घरदार टाकून भटकलेला बाप मेला आहे. मुले आईला त्याच्याविषयी विचारतात, आणि तिच्याजवळ सांगण्यासारखे फारसे काही नाही. पण पहिला शब्द कानी पडायला जवळजवळ चार मिनिटे थांबावे लागते. तोवर खर्जातले तेच तेच मोजके सूर, झांजेची टिकटिक आणि मधूनच कुरकुरणारी गिटार. प्रेतयात्रा निघण्यापूर्वी माणसे अंगणात नुसती उभी असतात, तसे वाटते.

ही करामत निर्माता नॉर्मन व्हिटफील्ड याची. बॅरेट स्ट्राँगबरोबर गाणेही त्यानेच रचले होते. गायकांना मात्र ते नको होते. वाद्यांच्या गर्दीत आमचा आवाज बुडतो, आम्हाला पूर्वीसारखी प्रेमगीते द्या, ही त्यांची तक्रार. आरंभीच्या ओळी डेनिस एडवर्ड्सच्या वाट्याला आल्या. त्याचे स्वतःचे वडील धर्मोपदेशक. बापाविषयीचे ते शब्द त्याला झोंबले. सांगतात की, व्हिटफील्डने त्याच्याकडून त्या ओळी पुनःपुन्हा गाऊन घेतल्या, तो पुरता चिडेपर्यंत. आणि तो दाबलेला संताप नेमका टिपून घेतला.

लोकांनी गाणे डोक्यावर घेतले. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत ते पहिले आले. पुढल्या वर्षी त्याला तीन 'ग्रॅमी' मिळाले. त्यांपैकी गायकांचा एकच. एक रचनेला आणि एक, गंमत पाहा, नुसत्या वाद्यसंगीताला!

मग व्हिटफील्डचे चुकले काय? आपल्याकडेही गुरूने शिष्याला एकाच स्वरावर महिनोन्महिने बसवल्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण तिथे गुरू श्रम मागतो. इथे रागच माल होता. एडवर्ड्स गाण्यावर रागावला होता आणि ऐकणाऱ्याला वाटले, मुलगा बापावर रागावला आहे. ऐकणारा फसला म्हणावे, तर त्याच्या डोळ्यांत आलेले पाणी खोटे नव्हते.

एडवर्ड्स जाणता होता, धंद्यातला होता. तेच गाणे तो पुढे वर्षानुवर्षे रंगमंचावर गात राहिला. संच आणि व्हिटफील्ड मात्र लवकरच वेगळे झाले. तेव्हा त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी. मला छळतो तो माझा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वक्तृत्व स्पर्धेसाठी मी सातवीतला एक मुलगा निवडला. त्याचे वडील त्याच वर्षी वारले होते. मी त्याला विषय दिला, 'माझे बाबा'. माहीत असून दिला. तालमीत तो एका वाक्याशी अडखळे, मी म्हणे, "पुन्हा म्हण." स्पर्धेच्या दिवशी नेमक्या त्याच वाक्याला त्याचा कंठ दाटला. सभागृह स्तब्ध झाले, परीक्षकांनी डोळे पुसले, ढाल आमच्या शाळेत आली. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली. तो मुलगा नंतर शाळा सोडेपर्यंत व्यासपीठावर चढला नाही. मी दोनदा नाव सुचवले, तर त्याने मान खाली घालून "नको सर" म्हटले.

आज बाजारपेठेत त्याचे सायकलींचे दुकान आहे. मी गेलो की हातातले काम टाकून चहा मागवतो, घरची चौकशी करतो. त्या तालमींविषयी मी त्याला अजून विचारलेले नाही.