थांबण्याचा खर्च कोणी उचलायचा?

‘आधी डिग्री पूर्ण कर, खेळ कुठं पळून जात नाही,’ हा सल्ला नाशिक जिल्ह्यातल्या गुणी खेळाडूच्या कानावर कधी ना कधी पडतोच. त्याच आठवड्यात दुसरं कोणीतरी सांगतं, ‘वय निघून गेलं की कोणी विचारत नाही. बोलावणं आलंय तर जा.’ दोघंही त्या पोराचं भलंच पाहत असतात. प्रो कबड्डीतल्या एखाद्या संघाचं किंवा आयपीएलचं बोलावणं आलं, की एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला या दोन सल्ल्यांतून एक निवडावा लागतो. अशा निर्णयाचा अनुभव घरात कोणालाच नसतो. मला वाटतं, जावं की थांबावं हे त्याला विचारण्याआधी थांबण्याचा खर्च कोण उचलणार, हे आपण स्वतःला विचारायला हवं.

अमेरिकेत बास्केटबॉलच्या निमित्ताने हा वाद तीस वर्षं चालू आहे. तिथे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये बहुतेक खेळाडू कॉलेजच्या संघांतून येतात. वर्षातून एकदा ‘ड्राफ्ट’ होतो आणि संघ आळीपाळीने नव्या खेळाडूंची निवड करतात. १९९५ साली केविन गार्नेट, १९९६ साली कोबी ब्रायंट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट लीगमध्ये गेले आणि तिघांनीही ती गाजवली. टिम डंकन मात्र आईला दिलेल्या शब्दाखातर वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षं राहिला. मानसशास्त्राची पदवी घेऊन तो १९९७च्या ड्राफ्टमध्ये उतरला, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे पाच अजिंक्यपदांचा मानकरी झाला. उदाहरणं दोन्ही बाजूंना सापडतात, त्यामुळे उदाहरणांनी हा वाद मिटत नाही. शिवाय जे मधल्या मध्ये राहिले, त्यांची नावं कोणाला आठवतही नाहीत.

आपल्याकडचा सतनाम सिंग भामरा आठवून पाहावा. पंजाबमधल्या बल्लोके गावचा हा सात फूट दोन इंचांचा मुलगा कोवळ्या वयात शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला. २०१५ साली कॉलेजची पायरी न चढताच तो ड्राफ्टमध्ये उतरला आणि डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण ५२वा क्रमांक म्हणजे दुसरी फेरी. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरावीक वर्षांच्या पैशांची हमी असते, दुसऱ्या फेरीत अशी हमी मिळेलच असं नाही. सतनामला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. ‘निवड झाली’ या दोन शब्दांत आई-बाप जे ऐकतात आणि करारात जे लिहिलेलं असतं, त्यात एवढं अंतर असू शकतं.

तिथल्या लीगने २००५ साली खेळाडूंच्या संघटनेशी करार करून वयाची अट घातली : ड्राफ्टच्या वर्षात किमान १९ वर्षं पूर्ण होणारी आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं. २००६च्या ड्राफ्टपासून ती लागू झाली. झालं एवढंच, की अनेक मुलं एक वर्ष कॉलेजात काढून निघून जाऊ लागली. खरा बदल घडला तो पैशाने. जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि जुलै २०२५पासून कॉलेजांना आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला. मग एरवी हमखास निघून गेले असते असे अनेक खेळाडू आणखी एक-दोन वर्षं कॉलेजातच राहू लागले. ज्यांना उतावीळ म्हटलं जात होतं, ती मुलं पैशाची सोय होताच थांबायला तयार झाली. घाई त्यांच्या स्वभावात कमी आणि घरच्या परिस्थितीत जास्त होती. हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे पूर्वीपासून एक तिसरी वाट आहे, ती म्हणजे खेळाच्या जोरावर मिळणारी नोकरी. स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला, पण नेमबाजीचे पहिले धडे त्याने नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. २०१५ साली तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्याला वयाची २९ वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. दरमहा येणाऱ्या पगाराने ती सगळी वर्षं त्याला तगवलं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हाताखाली नाशिकला घडली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. तिच्याही पाठीशी ओएनजीसीची नोकरी होती. चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईच्या संजीवनी जाधवने २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटरचं रौप्यपदक आणलं. ती स्पर्धाच विद्यापीठांच्या खेळाडूंची. कॉलेज सोडलं तर त्या दारातून आत जाताच येत नाही.

नेमबाजी आणि लांब पल्ल्याची धाव हे उशिरा पिकणारे खेळ आहेत, आणि त्यात लिलाव नाही. कबड्डीचं तसं नाही. चढाईपटूचं अंग विशी-बाविशीत सर्वांत तल्लख असतं आणि पैसाही तेव्हाच समोर येतो. २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते. २०२३ साली पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. दिंडोरी-निफाडकडच्या ज्या घरात बागेवर सोसायटीचं कर्ज आहे आणि अवकाळीने दोन हंगाम खाल्ले आहेत, तिथे सर्वांत खालच्या गटाची बोलीसुद्धा साऱ्या घराला उभं करते. अशा मुलाला ‘डिग्री पूर्ण कर’ म्हणणाऱ्याच्या खिशाला काहीच झळ लागत नाही. मुलाला मात्र त्या सल्ल्याची किंमत मोजावी लागते.

पण दुखापत कोणाला विचारून येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना घेतला गेला. पुढच्याच हंगामात त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. नंतर खांद्याच्या दुखापतीने त्याचा एक अख्खा हंगाम जवळजवळ वाया गेला. त्याच्याजवळ तोवर नाव होतं, तो परत उभा राहू शकला. पहिल्याच वर्षी गुडघ्याचा लिगामेंट फाटलेल्या, कोणाला नावही ठाऊक नसलेल्या मुलाचं काय? तो पोलीस भरतीकडे वळतो, तलाठ्याच्या, लिपिकाच्या जाहिराती पाहू लागतो. राज्याच्या सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात वयाची सवलतही मिळते. शिक्षणाची अट मात्र माफ होत नाही. पद पदवीधराचं असेल तर पदक घेऊन आलेल्यालाही पदवी दाखवावी लागते. अर्धवट सोडलेलं दुसरं वर्ष तेव्हा आठवतं.

कॉलेज त्या मुलाला कसं वागवतं, तेही जवळून पाहू. आंतरविद्यापीठ स्पर्धा बऱ्याचदा सत्र परीक्षेच्या तोंडावरच येतात. जिमखान्याचे सर पत्र देतात, वर्गशिक्षक म्हणतात उपस्थिती ७५ टक्के भरत नाही, ऑफिसात नाव डिफॉल्टरच्या यादीत लागलेलं असतं. सामना खेळून रात्रभर एसटीने आलेला मुलगा सकाळी पाठीवरची किटबॅगही न उतरवता खिडकीपाशी जर्नल घेऊन उभा असतो आणि सबमिशनची तारीख काल संपलेली असते. करंडक प्राचार्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात जातो आणि केटी त्याच्या एकट्याच्या वाट्याला येते. असं शिक्षण कोणी सोडलं तर त्याने ज्ञानाकडे पाठ फिरवली, असं मी म्हणणार नाही.

याचा अर्थ पदवी हा नुसता कागद आहे, असंही मी मानत नाही. करार वाचता येणं, कर आणि विमा कळणं, आपल्या शरीराचं शास्त्र समजणं आणि खेळ संपल्यावरची तीस-पस्तीस वर्षं मानाने जगता येणं, यासाठी शिक्षण लागतंच. म्हणून परतीची वाट उघडी ठेवणं हे आपलं काम आहे, आणि ती बांधण्याचं साहित्य हाताशी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने एक वर्ष झाल्यावर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा प्रवेश घेण्याची सोय केली. कमावलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर नाशिकलाच, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. लिलावात निवडल्या गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंदणी तिथे किंवा स्वतःच्या कॉलेजात जिवंत ठेवायला कितीसा खर्च येणार आहे? ‘खेलो इंडिया’ निवडलेल्या खेळाडूला वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्चाला देते. जिल्ह्यातल्या मोठ्या शिक्षणसंस्थांनी आपल्या दहा-वीस गुणी खेळाडूंना त्याच्या निम्मी रक्कम दिली, तरी कित्येकांना एक वर्ष थांबणं परवडेल.

आज एखाद्या मुलाने विचारलंच, तर माझं उत्तर असं आहे. एकाहून अधिक हंगामांची लेखी हमी आणि दुखापतीच्या उपचारांची तरतूद असेल, तर जा, मागे वळून पाहू नकोस. नुसतं शिबिराचं बोलावणं असेल, राखीव यादीत नाव असेल किंवा तोंडी आश्वासन असेल, तर सत्र पूर्ण कर, पुढच्या लिलावापर्यंत अंगात आणखी बळ येईल. दोन्ही वेळा करार घरच्यांखेरीज एखाद्या वकिलाला दाखव आणि कॉलेजातून नाव काढू नकोस.

पण हे उत्तर अपुरं आहे, कारण ते सगळा भार त्याच्याच खांद्यावर टाकतं. थांबणं परवडेल आणि परतणं शक्य असेल, तेव्हाच तो जो निर्णय घेईल तो खऱ्या अर्थाने त्याचा असेल. ते आपण करत नाही तोवर निघून गेलेल्या मुलाला उतावीळ ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.