नुसतं वाचणं

आमच्या गावात वाचण्याचे दोन प्रकार होते. एक पोथी वाचणं आणि दुसरं बुक वाचणं. पोथीला मान होता. श्रावण लागला की मारुतीच्या देवळात पोथी लागायची. कधी हरिविजय, कधी पांडवप्रताप, नाहीतर नवनाथांची. वाचणारा हातपाय धुऊन पाटावर बसायचा, रुमाल सोडून पोथी काढायचा. त्यानं ओवी म्हटली की दुसरा कुणी जाणता तिचा अर्थ सांगायचा. अध्याय संपला की लोक पोथीला हात लावून, तोच हात कपाळाला लावून घरी जायचे. बुक म्हणजे गोष्टीचं बुक, कादंबरी. तिला पाट नव्हता. ती गोठ्यात, माळ्यावर, कडब्याच्या गंजीआड वाचायची आणि कुणाची चाहूल लागली की मिटून टाकायची.

दोन्हीत फरक होता तो फलश्रुतीचा. पोथी वाचली की काय मिळतं हे पोथीच सांगते. नवनाथ भक्तिसाराच्या चाळिसाव्या अध्यायात तर कुठला अध्याय वाचल्यानं काय साधतं याची सगळी यादीच दिली आहे. कादंबरी असलं काही कबूल करत नाही. गोष्ट संपते, कोरं पान येतं, पुस्तक मिटतं. म्हणून कादंबरी वाचणाऱ्याला गाव एकच विचारायचं, "ह्यातनं मिळतंय काय?"

पंचावन्न वर्षं मी हा प्रश्न ऐकत आलो आहे. पुस्तकावर प्रेम करणारी माणसं तो हसण्यावारी नेतात. मला तसं करता येत नाही. विचारणाऱ्याच्या बाजूला वजन आहे. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. घरात एक माणूस बसलं की त्याचं काम दुसऱ्याच्या पाठीवर जातं. मोटेचं पाणी पाटानं येत असताना दारं मोडणारा पोरगा बुकात डोकं घालून बसला, तर एक सरी तुंबते आणि दुसरी कोरडी राहते. दूध उतू जातं, शेरडं दुसऱ्याच्या रानात घुसतात, आणि त्याचं भांडण घरावर येतं. वाचणाऱ्याचा एक तास कुणीतरी भरून काढत असतं. हे ज्यानं बघितलं नाही त्यानं वाचनाच्या आनंदावर मोठं बोलू नये.

जुन्या माणसांना आणखी एक धास्ती होती, नादाची. ती धास्ती शब्दातच मुरलेली आहे. सातव्या शतकात बाणभट्टानं संस्कृतात 'कादंबरी' लिहायला घेतली. त्याच्या हातून ती पुरी झाली नाही, त्याच्या मुलानं ती पुरी केली. त्यातल्या नायिकेचं नाव मराठीनं पुढं अशा सगळ्याच लांब गोष्टींना देऊन टाकलं. पण संस्कृतात कादंबरी म्हणजे दारूही. तेव्हा "त्या बुकाच्या नादाला लागलाय" असं आजी म्हणायची, ते अगदीच चूक नव्हतं.

पण एक गोष्ट मला लहानपणीच खटकायची. 'मिळतंय काय' हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारला जायचा नाही. पारावर गडीमाणसं दुपारच्या दुपार बसायची. पान, तंबाखू, कुणाच्या बांधाची केस, कुणाच्या पोरीचं लग्न. त्यातनं काय मिळालं याचा हिशेब कुणी मागितला नाही. तेच बाईमाणूस पुस्तक घेऊन घटकाभर टेकलं, की घराची छाती भरून यायची. "बसलीया बघा नुसती!" 'नुसतं' या शब्दाला आमच्याकडं किती धार आहे ते बायकांना विचारावं. नुसतं बसणं, नुसतं फिरणं, नुसतं वाचणं. म्हणजे ज्याला कारण दाखवता येत नाही ते.

माझी चुलती सातवी शिकलेली होती. त्या काळात म्हणजे पुष्कळच. मी तिला काकी म्हणायचो. तालुक्याच्या वाचनालयातून मी तिला पुस्तकं आणून द्यायचो. भाकऱ्या झाल्या, भांडी झाली, म्हशीची धार झाली, की ती चिमणी जवळ ओढायची. आजीचा आक्षेप पुस्तकाला नव्हताच, रॉकेलला होता. रॉकेल रेशनवर मिळायचं. "त्येल जळतंय," एवढंच ती अंधारातून म्हणायची. काकी दिवा मालवायची.

एका पावसाळ्यात मी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आणली. यमू नावाच्या मुलीनं स्वतःच सांगितलेली तिची कहाणी. लहानपणी लग्न होतं, नवरा चांगला मिळतो, आणि मग तो जातो. त्या रात्री आजी म्हणाली, "त्येल जळतंयच तर मोठ्यांदा तरी वाच. मला बी कळू दे." काकी वाचू लागली. आठ-दहा रात्री तेल जळलं. यमूचे केस काढतात तिथं काकीचा आवाज बसला आणि आजी उठून बसली. "त्या पोरीला कुणीच न्हाई का गं?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी धार काढताना तिनं काकीला विचारलं, "आज हाय न्हवं वाचायचं?"

ही कादंबरी १८९० पासून ज्या साप्ताहिकात क्रमशः छापून आली ते हरिभाऊंचंच होतं आणि त्याचं नाव होतं 'करमणूक'. मला हे नाव पुष्कळ दिवस बोचत होतं. एका पोरीचं आयुष्य उद्ध्वस्त होताना वाचायचं आणि त्याला करमणूक म्हणायचं? दुसऱ्याच्या दुःखानं आपली रात्र छान जावी, हे बरं आहे का? याचं उत्तर मला आजीकडं बघून थोडं थोडं कळत गेलं. गावात कुणी गेलं की बायका रडायला जातात. तिथं रडण्याचाही हिशेब असतो. कोण आलं, कोण नाही, कोण किती रडलं. आपल्याकडच्या वेळेला त्याची परतफेड व्हायची असते. यमूसाठी आजी रडली त्याची कुठं नोंद नव्हती. यमू तिची भावकी नव्हती, सोयरी नव्हती, जातीची नव्हती. तिच्याकडून काही यायचं नव्हतं, तिला काही द्यायचं नव्हतं. देण्याघेण्याशिवाय एखाद्या माणसाला इतकं जवळून बघणं आजीच्या आयुष्यात फार वेळा झालं नसावं. एकाच्या घरातलं दुसऱ्यानं जाणून घ्यायचं ते सोयरीक जुळवायला, नाहीतर मोडायला, उसने द्यायला, नाहीतर भांडायला. कादंबरीत आपण दुसऱ्याच्या घरात जातो आणि आपला काही डाव नसतो. त्यातला आनंद मला तरी इथं दिसतो.

आता खरी अवघड गोष्ट. १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा बारा वर्षांचा. विहिरी तळाला गेल्या होत्या, कडबा संपला होता, जनावरं मातीमोल गेली होती. गाव उठून दुष्काळी कामावर गेलं. पाझर तलाव, रस्ते, खडी. आई खडी फोडायची आणि मी धाकट्या भावाला घेऊन तिथंच असायचो. खायला मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी. दुपारी बाभळीखाली सगळे टेकायचे. माझ्याजवळ अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' होती. अण्णा भाऊ आमच्याच जिल्ह्यातले, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. मी मनात वाचत होतो. शेजारची एक बाई म्हणाली, "तोंडानं वाच की रं." मी वाचू लागलो, तशी माणसं सरकत सरकत जवळ आली.

फकिरा भुकेल्या माणसांसाठी लूट करतो. उपाशी लोकांना ते ऐकून स्फुरण चढलं असेल, असं शहरातल्या माझ्या एका मित्राला वाटायचं. मला आठवतं ते वेगळं. बायका घोड्याची चौकशी करायच्या. घोड्याला काही होणार नाही ना? फकिराची आई दिसायला कशी होती, ते पुन्हा वाचायला लावायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक म्हातारा कावून म्हणाला, "पोटात न्हाई आन् कसल्या गोष्टी ऐकताय?" त्यावर हातोडीच्या दांड्याची पाचर ठोकत एक बाई म्हणाली, "पोटात न्हाईच की, आण्णा. गोष्ट तरी असू द्या."

गोष्टीनं भूक भागत नाही. भागते असं कुणी लिहिलं तर समजावं की त्याला भूक माहीत नाही. त्या बाईनंही तसं म्हटलं नव्हतं. भाकरीच्या जागी गोष्ट द्या, असं तिचं मागणं नव्हतंच. मजुरी वेळेवर मिळावी म्हणून मुकादमाशी सगळ्यात जास्त भांडायची ती हीच. तिचं म्हणणं एवढंच होतं, की भाकरी नाही म्हणून बाकीचंही काढून घेऊ नका. सगळा दिवस ती मस्टरवरचं एक नाव असायची. त्या अर्ध्या तासात ती घोड्याची काळजी करणारी बाई असायची. आधी पोट आणि मग आनंद, अशी रांग लावणारे बहुधा ज्यांचं पोट भरलेलं असतं तेच असतात. गरिबाची पाळी त्या रांगेत कधी येतच नाही.

गेली वीस-बावीस वर्षं मी गावच्या वाचनालयाचं काम बघतो. त्यामुळं कादंबरीची बाजू घेणाऱ्यांचं बोलणंही पुष्कळ ऐकलं. वाचनानं संस्कार होतात, भाषा सुधारते, माणूस मोठा होतो. ग्रंथदिंडीत या घोषणा आम्हीच पोरांकडून म्हणवून घेतो. पण मनातून माझा यावर तितका विश्वास नाही. 'मृत्युंजय' वाचताना कर्णासाठी ढसाढसा रडणारा एक माणूस मला माहीत आहे. तोच सख्ख्या भावाच्या हिश्श्यातल्या दोन हात बांधासाठी अकरा वर्षं कोर्टात जात होता. आणि अक्षरशत्रू असूनही वाटसरूला अर्धी भाकरी मोडून देणारी माणसं तर गावोगाव आहेत. कादंबरी वाचली की माणूस चांगला होतो, ही नवी फलश्रुतीच झाली. पोथीची फलश्रुती निदान पोथीत लिहिलेली आहे. कादंबरीनं न दिलेला शब्द आपण तिच्या नावावर देतो, आणि पोरगं वाचताना हसलं की विचारतो, "काय शिकलास यातून?" त्याचं हसू तिथंच जातं.

वाचनालयातली पुस्तकं वेगळंच सांगतात. यशस्वी कसं व्हावं सांगणारी पुस्तकं अजून कोरी करकरीत आहेत. लोक ती नेतात आणि परत आणतात, पानं चिकटलेली तशीच. 'मृत्युंजय'ची बांधणी तीनदा करून घेतली. 'स्वामी'ची शेवटची पानं दोऱ्यानं शिवली आहेत. बाबा कदमांच्या कादंबऱ्यांवर हळदीची बोटं उमटलेली आहेत, सुहास शिरवळकरांच्या पुस्तकांत एसटीची तिकिटं सापडतात. 'बनगरवाडी' एका मेंढक्याच्या पोरानं नेली ती चार महिन्यांनी कळपाबरोबर फिरून परत आली, लोकरीचा वास घेऊन. या माणसांना कुणी बक्षीस देणार नव्हतं. नुसतं वाटलं म्हणून त्यांनी वाचलं.

आणि एक गोष्ट मी हिशेबाच्या वहीसमोर बसून शिकलो. गावात जे काही आहे ते वाटलं की कमी होतं. जमीन वाटली की तुकडे होतात, पाण्याची पाळी वाटली की तास कमी होतात, भाकरी वाटली की चतकोर होते. कादंबरी तेवढी या हिशेबात बसत नाही. काकीनं वाचलेली यमू आजीनं ऐकली म्हणून काकीची कमी झाली नाही. उलट दोघी मिळून तिच्या सासूला शिव्या देऊ लागल्या. कादंबरी वाचून झाली की माणूस दुसरं माणूस शोधतं. "तू वाचलीस का? तिथंवर आलास का? थांब, मी सांगत न्हाई." ज्या दोन घरांत बोलणं नाही अशा घरांतल्या दोन सुना आमच्याकडं एकाच कादंबरीचे दोन भाग अदलाबदल करत वाचत होत्या. घरांचं भांडण त्यानं मिटलं नाही. तसं मी सांगणारही नाही. सुनांना मात्र बोलायला विषय मिळाला.

मग त्या जुन्या प्रश्नाचं काय? वाचणाऱ्याचा तास कुणीतरी भरून काढतं हे खरं आहे, आणि त्याचं उत्तर पुस्तकाचा फायदा सांगून देता येत नाही. माझ्या मते त्याचं उत्तर एकच. तो तास पाळीनं सगळ्यांना मिळाला पाहिजे. आज मी वाचतो तेव्हा म्हशीचं कुणी बघत असेल, तर उद्या ती वाचत असताना म्हशीचं मी बघायला हवं. आनंदात पाप नाही. एकानं कायम वाचायचं आणि दुसऱ्यानं कायम भांडी घासायची, यात आहे. पाण्याची पाळी बांधून घेताना आपण जेवढे काटेकोर असतो, तेवढं या तासाबद्दल कुणी कधी होत नाही.

आमचं वाचनालय पूर्वी संध्याकाळी सहा ते आठ उघडं असायचं. ती वेळ गड्यांची, बायकांची चुलीपुढची. आता आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही ते दुपारीही उघडतो. मागच्या बाजाराला एक बाई पायरीशी उभी राहिली. पिशवीत मेथी, गवारी, गोडेतेलाची पुडी. आत येईना. म्हटलं, "या की ताई, काय पाहिजे?" ती म्हणाली, "अभ्यासाचं न्हाई काय. परीक्षा-बिरीक्षा काय न्हाई माझी. नुसतं वाचायला पाहिजे हुतं."

मी कादंबऱ्यांचं कपाट उघडून दिलं आणि वहीत तिचं नाव लिहायला घेतलं.