पेन्शन घेतलेला शिपाई मोकळा झाला काय?

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव 1530 साली नागेश देसाई यांनी बांधविला असे सांगतात. त्याच्या पाण्यावर भाताची शेते व माडापोफळीच्या बागा जगत आल्या आहेत. परंतु असले भाग्य कोकणात थोड्याच गावांचे. बाकीच्यांस पावसाळ्यातील एक पीक आणि पुढे नुसता कातळ. म्हणून एकोणिसाव्या शतकात त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून शेतकऱ्यांचे पुष्कळ मुलगे मुंबईच्या सैन्यात भरती होत. उमेदीची वर्षे ते पलटणीत घालवीत आणि केस पिकू लागले म्हणजे पेन्शन घेऊन पुन्हा नांगराशी येत.

असा मनुष्य आपले कर्तव्य करून चुकला, असे म्हणावे काय? सरकारने त्याचे श्रम घेतले व हिशेब चुकता केला. जो गोळीसमोर उभा राहिला त्याच्याकडे आणखी काही मागणारे आपण कोण? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. थकल्या हाडांस विसावा हवाच.

तथापि तो परत कोठे येई तेही पाहिले पाहिजे. तलवारींचे फाळ करण्याची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो. तो फाळ कोणाच्या शेतात चालावयाचा, हे मात्र कोणी विचारीत नाही. जिल्ह्यातील पुष्कळ गावांचा वसूल खोताच्या हाती असे. कुळाने पिकविलेल्या भातातून खोत आपला वाटा उचली, आणि वर वेठही घेई. त्यातून ते कुळ अस्पृश्य मानलेल्या जातीचे असले तर पाणवठाही बंद. पलटणीत ज्याच्या हुकुमाने रांग हलत असे, तो गावी आला की वाटेच्या कडेस उभा राही.

कुळ गप्प बसे त्याला आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही. बोलले तर जमीन जाई व चूल विझे. पेन्शनराची भाकरी मात्र खोताच्या हातची नव्हती. ती रक्कम थोडी असेल, पण गावातील कोणासही ती अडविता येत नसे. मग ज्याचे तोंड भाकरीने बांधलेले नाही त्याने बोलावयाचे नाही तर कोणी? आमच्या मते पेन्शन गतश्रमांचे मोल खरेच. परंतु तिने जी निर्भयता मिळते ती एकट्याने खाऊन संपविण्याची वस्तू नाही. ज्याला ती मिळाली त्याच्यावर शेजाऱ्याचे ऋण चढते.

महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी ते ऋण ओळखले. 1886 साली सैन्यातून निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. तेथे पेन्शनर मंडळींची वस्ती होती. ओटीवर बसून जुन्या लढायांच्या गोष्टी सांगत त्यांनाही दिवस काढता आले असते. दोनच वर्षांनी, 1888 साली, त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले व त्यात विटाळ मानणारांस उघड प्रश्न विचारले. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहीत. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून 1894 साली त्यांनी अर्ज तयार केला. त्यांचे स्वतःचे पेन्शन तर चालूच होते! दुसऱ्याच्या मुलांकरिता म्हातारपणी लेखणी झिजविणे, याला आम्ही दुसरी नोकरी म्हणतो, आणि ती बिनपगारी.

1895 साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसण्यास इतर काही सभासदांनी हरकत घेतली. युद्धात जे शरीर चालले ते बोर्डाच्या बैठकीस चालेना. वलंगकर 1900 साली निवर्तले. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली, आणि खोती रद्द करणारा कायदा झाला तो 1949 चा.