दाखल्यावरचा आकडा

१९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन 'यूए' या मधल्या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा या वयांनुसार तीन पोटवर्ग पाडण्यात आले, तेव्हापासून आपल्याकडील सुशिक्षितांच्या चर्चेत एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाऊ लागले आहे. वयोगटाचा दाखला ही निव्वळ माहिती होय. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर हिरवे वा तपकिरी चिन्ह असते तसे ते चित्रपटाच्या अंगावरचे चिन्ह आहे. मंडळाने ते लावावे, पालकांनी ते पाहावे, आणि कात्रीचा जुना तंटा एकदाचा निकाली काढावा, असे हे मत आहे. ते उदार दिसते, आणि मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही चित्रपटाची जी अवहेलना कात्रीने इतक्या वर्षांत केली तीच हे मत अधिक सभ्य रीतीने करते, असे मला वाटत आले आहे. सर्वच वर्गवारी रद्द करा म्हणणाऱ्यांनी रात्री दचकून उठणारे मूल पाहिलेले नसावे, आणि मुलांच्या हाती मोबाइल आला तेव्हा दाखला व्यर्थ झाला म्हणणारे चोरवाट दिसली म्हणून हमरस्त्यावरची पाटी उखडू पाहतात. त्या दोघांशी माझा येथे वाद नाही.

वाद आहे तो त्या चिन्हाच्या उपमेशी. केकमध्ये अंडे आहे की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर असते, आणि ते खाणाऱ्याच्या वयावर, केक करणाऱ्याच्या हेतूवर किंवा तपासनिसाच्या रसिकतेवर अवलंबून नसते. हिंसा चित्रपटात अशा प्रकारे 'असत' नाही. नायक तीस माणसांना लोळवतो आणि कोणाच्याही अंगावर ओरखडा उठत नाही, तेव्हा पडद्यावर तीस आघात झालेले असतात. बाप मुलाला एक थप्पड मारतो आणि कॅमेरा पुढची दोन मिनिटे त्या मुलाच्या चेहऱ्यावरून हलत नाही, तेव्हा आघात एकच झालेला असतो. यांपैकी बालमनाला जड कोणता आणि घातक कोणता, हे मोजदादीने सांगता येणार नाही. आणि जड व घातक हे दोन वेगळे शब्द आहेत, हेही त्या चिन्हात कोठे मावत नाही. पडद्यावर जे दिसते ते दृश्य. चित्रपट त्याकडे ज्या नजरेने पाहतो आणि आपल्याला पाहावयास लावतो ती दृष्टी. दृश्याची मोजणी होते, दृष्टीचा निवाडाच करावा लागतो.

मोजणीचा मार्ग कोठे नेतो हे २०१० सालच्या 'द किंग्ज स्पीच' या चित्रपटाच्या बाबतीत स्पष्ट दिसले. बोबडी वळणाऱ्या राजाला त्याचा वाचा-उपचारक मुद्दाम शिव्या उच्चारायला लावतो, कारण शिवी देताना त्याची जीभ अडखळत नाही. अमेरिकेच्या पद्धतीत एक विशिष्ट शिवी एकदा आली तर बहुधा चालते, अधिक वेळा आली तर वर्ग चढतो. त्या हिशेबाने या चित्रपटाला 'आर' मिळाला, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना वडीलधाऱ्या सोबतीवाचून मज्जाव झाला. ब्रिटनच्या मंडळाने प्रथम पंधरा वर्षांची मर्यादा घातली, परंतु वितरकाने फेरविचार मागितल्यावर शिव्या उपचाराचा भाग आहेत हे मान्य करून ती बारा वर्षांपर्यंत, आणि त्याहून लहानांना मोठ्यांच्या सोबतीने मुभा देऊन, खाली आणली. शिव्या दोन्ही देशांत तितक्याच होत्या. एका ठिकाणी त्या मोजल्या गेल्या, दुसऱ्या ठिकाणी कोण, कोणाला आणि कशासाठी देतो हे पाहिले गेले.

आपला इतिहास तर याहून बोलका आहे, मात्र तो अर्धाच आठवला जातो. ख्वाजा अहमद अब्बास यांचा १९७०चा खटला पूर्वपरीक्षण घटनेला धरून ठरवणारा म्हणून सर्वांना पाठ आहे. परंतु त्या प्रकरणाचा उगम वयाच्या दाखल्यात होता, याची आठवण कोणी काढत नाही. चार महानगरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी शेजारी ठेवणाऱ्या त्यांच्या सोळा मिनिटांच्या लघुपटाला, त्यातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांमुळे, प्रथम केवळ प्रौढांसाठीचा दाखला देऊ करण्यात आला होता, आणि अब्बासांनी तो मानला नाही. त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी बजावले आहे की अनीती वा विद्रूपता यांचे नुसते अस्तित्व कात्रीला पाचारण करीत नाही, निर्माता तो विषय कसा हाताळतो हे पाहिले पाहिजे. माझ्या भेदाला याहून मोठा आधार मी शोधलेला नाही. मंडळासाठी सरकारने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही चित्रपटाचा समग्र परिणाम पाहावा असेच लिहिले आहे.

यावर माझे प्रतिपक्षी म्हणतात, की नव्या दुरुस्तीने 'यूए'चे आकडे पालकांच्या विचारासाठीच ठेवले आहेत, दारावरच्या माणसाने ते अमलात आणावयाचे नाहीत. मग ती माहितीच नव्हे काय? नव्हे. वैद्य औषधाची मात्रा सांगतो तेव्हा तोही सल्लाच असतो, परंतु त्यामागे त्याने नाडी पाहिलेली असते आणि विचारले तर तो कारण सांगतो. 'तेरा' हा आकडा कारण सांगत नाही. तो युद्धाच्या शोकामुळे पडला की एका चुंबनामुळे, हे आईबापांना कळण्याची सोय त्यात नाही.

आकडा मुका असल्यामुळेच त्याचा सौदा होतो. प्रौढांसाठीचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही, म्हणून निर्माता खालच्या वर्गाकरिता अर्ज करतो, दोन शब्द मुके करतो, रक्त धूसर करतो, आणि दाखला घेऊन जातो. दृश्य कमी होते, दृष्टी होती तशीच राहते. क्रौर्याकडे कौतुकाने पाहणारा चित्रपट, चार सेकंद गेल्यावरही, कौतुकानेच पाहत असतो.

रवी जाधव यांच्या 'न्यूड'ची गोष्ट मला या संदर्भात अस्वस्थ करते. २०१७च्या गोव्यातील महोत्सवातून तो वगळला गेला, पुढे मंडळाने तो एकही काट न सुचवता संमत केला, आणि दाखला दिला तो प्रौढांचा. काट सुचवली नाही याबद्दल परीक्षकांविषयी मला आदर आहे. परंतु मुलाच्या शिक्षणासाठी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर बसणाऱ्या त्या स्त्रीकडे चित्रपट ज्या आदबीने पाहतो, ती आदब सतरा वर्षांच्या, पुढल्या वर्षी कलाशाळेत पाऊल ठेवणाऱ्या मुलीपासून का राखून ठेवावी? कदाचित परीक्षकांपाशी याचे उत्तर असेल, आणि ते माझ्याहून शहाणपणाचेही असेल. दाखल्यावर मात्र ते नाही.

परीक्षण समितीचे सभासद चित्रपट पाहून झाल्यावर आपला अभिप्राय लेखी देतात, आणि तो दप्तरात जमा होतो. त्यातला दहा ओळींचा सारांश, मराठी चित्रपटाचा असेल तर मराठीत, सही-शिक्क्यानिशी दाखल्याला जोडून तिकीटखिडकीपाशी लावावा. आकडा त्याखाली बारीक अक्षरांत आला तरी माझी हरकत नाही.