रविवार कोणाकोणाचा?



आपल्यापैकी कित्येकांचा रविवार म्हणजे आठवडाभर साचलेल्या कामांचा दिवस. दळण, बाजार, मुलांचा क्लास, आणि मधल्या तासाभरात पवित्र मिस्सा. शेवटचे गीत संपण्याआधीच बाहेर गाड्या सुरू होतात.

हा रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत. ठरलेली साप्ताहिक सुट्टी त्यांना नव्हती. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन ती मागितली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा आपल्या शेजारच्या जेजुरीच्या खंडोबाचा वार, असेही तेव्हा कामगारांच्या बाजूने मांडले गेले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात रविवारची विश्रांती हा कामगाराचा हक्क ठरवला. मात्र ही विश्रांती आळसात घालवण्यासाठी नाही, हेही त्यांनी बजावले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप चौदाव्या लिओंनी आपले नाव घेताना हेच परिपत्रक डोळ्यांसमोर ठेवले होते.

मग ही विश्रांती कशासाठी? थंडीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. पुण्या-मुंबईची माणसे ते पाहायला भल्या पहाटे येतात, होडीत गप्प बसून राहतात. इंदापूरला जाता-येता आपण त्याच पाण्याजवळून ऐंशीच्या वेगाने जातो. आकाशातील पाखरांकडे नीट पाहायला प्रभू येशूने सांगितले, ते चिंतेने पोखरलेल्या माणसांना. धावत्या गाडीतून ते पाहणे होत नाही. घरातले म्हातारे माणूस काय सांगते आहे, तेही असेच निसटते.

पण देवाची तिसरी आज्ञा इथेच थांबत नाही. 'अनुवाद' या पुस्तकात ती सविस्तर येते. तिथे तू, तुझी मुले एवढ्यावर देव भागवत नाही. नोकर, मोलकरीण, परका माणूस, इतकेच काय, बैल आणि गाढवसुद्धा तो मोजतो. तुझ्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा, असे त्याचे म्हणणे. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या गाड्या ओढणारे बैल दिसतात, तेव्हा ही ओळ आठवावी.

त्या गाडीमागे माणसेही असतात. बीडकडून आलेले नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मजुरी टनावर, आणि आजारपणाने का होईना, एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे उलट पैसे कापले जातात. त्यांच्या आठवड्यात रविवार नाही. आपल्या चहातली साखर त्यातूनच येते.

मुकादमाचा हिशेब बदलणे आपल्या एकट्याच्या हातात नसेल. आपल्या घरचा हिशेब मात्र आहे. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना रविवारी पाहुणे येणार म्हणून उलट लवकर बोलावले जाते. त्यांचा सुट्टीचा वार कोणता, हे या आठवड्यात त्यांनाच विचारू या. त्या म्हणतील तो वार द्यावा. पगार न कापता, हे वेगळे सांगायला नको.