पाहणारा आणि पाहुणा

गेल्या श्रावणापासून आमच्या माजघरातल्या भिंतीवर एक शहर टांगले आहे. त्याचे नाव व्हँकूव्हर. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, प्रशांत महासागराच्या काठी वसलेले हे शहर मी कधी पाहिलेले नाही. खरे सांगायचे तर आजवर मी विमानातही बसलेलो नाही. पण येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जाण्याचा योग दिसतो आहे, आणि मी पडलो चित्रकलेचा मास्तर. भूगोलाचे गुरुजी रजेवर गेले की फळ्यावर नकाशे काढायचे कामही माझ्याकडेच येते. तेव्हा जायचे ठरताच मी चार ड्रॉइंग पेपर एकमेकांना चिकटवले आणि त्या शहराचा नकाशा काढायला बसलो.

कामात रंगून जाणे हा माझा जुना दोष आहे. खाडीला निळा रंग दिला, उत्तरेच्या डोंगरांना जांभळा. समुद्रात अंगठ्यासारखे घुसलेले स्टॅन्ली पार्कचे हजार एकरांचे रान हिरवे केले आणि त्याच्या कडेने जाणारी पायवाट तांबड्या शाईने काढली. १९३८ साली खुला झालेला लायन्स गेट पूल तर मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढला. मग माहिती गोळा केली. तिकडचा पावसाळा हिवाळ्यात असतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मे महिन्याच्या अखेरीस रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. आपण सकाळच्या शाळेला निघतो तेव्हा त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. विमानतळावरून शहरात जाणारी रेल्वे २००९ साली सुरू झाली. गॅसटाऊन नावाच्या जुन्या वस्तीत वाफेच्या शिट्ट्या मारणारे एक घड्याळ आहे. दिसायला ते आपल्या पणजोबांच्या काळचे वाटते, पण उभारले १९७७ साली!

अशी सगळी जमवाजमव झाल्यावर मी शाळेच्या वेळापत्रकासारखे चौदा दिवसांचे वेळापत्रक आखले. दिवस, वार, तास, स्थळ, अंतर, खर्च. एकही रकाना रिकामा ठेवला नाही. आल्यागेल्याला मी ते दाखवू लागलो. एके दिवशी घरातून शेरा आला, "आता तुमचं व्हँकूव्हर पाहून झालंच आहे. तिकिटाचे पैसे वाचवा आणि गच्चीची गळती काढून घ्या."

हा शेरा मी हसण्यावारी नेला. पण दुसरा शेरा असा आला की तो हसण्यावारी नेता येईना.

व्हँकूव्हरला मी ज्या कारणाने जाणार आहे ते कारण म्हणजे माझी धाकटी बहीण. अकरा वर्षांपूर्वी ती तिकडे गेली. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती काम करते. मी मोठ्या अभिमानाने नकाशाचा आणि वेळापत्रकाचा फोटो तिला पाठवला. रात्री तिचा फोन आला. आधी तिने नकाशाचे कौतुक केले. मग म्हणाली, "दादा, यात माझं घर कुठे आहे?"

मी भिंतीकडे पाहिले. ती राहते सरे नावाच्या गावी. ते व्हँकूव्हरला लागूनच वाढलेले शहर, फ्रेझर नदीच्या पलीकडचे. शहराच्या मध्यभागातून आगगाडीने पाऊण तासाच्या आतबाहेर. माझा नकाशा नदीच्या अलीकडेच संपला होता.

"कागद संपला ग," मी म्हणालो.

ती हसली. थोडा वेळ थांबून म्हणाली, "रजा काढली आहे मी. पंधरा दिवस. तुझ्या वेळापत्रकात माझा तास कोणता?"

मी वेळापत्रक पाहिले. तिचे घर 'मुक्काम' या रकान्यात होते आणि चौदाव्या दिवशी लिहिले होते : 'विश्रांती, सामान बांधणे, घरच्या मंडळींशी गप्पा.'

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्यामागे लागला आहे. परक्या गावी जाणारा माणूस त्या गावाचा कोण असतो? तो काय पाहणार हे त्याने एकट्याने, घरी बसून ठरवावे काय?

आपल्या भाषेत यासाठी एक फसवा शब्द आहे. 'पाहुणा' म्हटले की कानाला वाटते, पाहतो तो पाहुणा. वस्तुतः त्या शब्दाचा पाहण्याशी काही संबंध नाही. तो संस्कृतातल्या 'प्राघूर्णक' या शब्दाच्या कुळातला. दुसरा शब्द 'अतिथी'. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असे शाळेत आम्हांला शिकवीत. आता तिथी ठरवल्यावाचून कोणाला अतिथी होता येत नाही. व्हिसाच्या अर्जात पहिल्या झटक्यात विचारतात, कधी येणार, कधी परत जाणार, कशासाठी येणार आणि गाठीला पैसे किती. मीही ती सारी उत्तरे लिहिली आहेत. तेव्हा तिथीविना जाण्याचा जुना थाट आपल्याला परवडणारा नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण शब्द फसवा असला तरी त्याने मला एक भेद दाखवला : पाहणारा वेगळा आणि पाहुणा वेगळा. गंमत अशी की हा भेद त्याच शहराच्या इतिहासात दोन वेळा ठळकपणे दिसतो.

ज्याचे नाव त्या शहराला मिळाले तो जॉर्ज व्हँकूव्हर हा इंग्रज आरमारी कप्तान जून १७९२ मध्ये त्या खाडीत शिरला. तिच्या काठी मस्क्विम, स्क्वामिश आणि स्लेवाटूथ लोक हजारो वर्षे नांदत होते. त्यांच्यातली पन्नासेक माणसे होड्या घेऊन सामोरी आली, अदबीने वागली आणि शिजवलेले मासे त्यांनी पाहुण्यांपुढे ठेवले. कप्तानाने त्यांच्या सभ्यतेची नोंद केली, बदल्यात लोखंड दिले, खाडी मोजली, तिला बरार्ड या आपल्या एका स्नेह्याचे नाव दिले, एक रात्र काढली आणि तो पुढे गेला. पाहुणा म्हणून त्याचा आदर झाला; पण तो आला होता पाहायला आणि मोजायला. त्या खाडीला आधी काही नाव असेल, हा विचार त्याच्या नकाशात मावला नाही. पुढे १८८६ साली शहर स्थापन झाले. दोन वर्षांनी स्टॅन्ली पार्कमध्ये रस्ता केला, तेव्हा तिथल्या गावाच्या जागी पिढ्यान्‌पिढ्यांच्या जेवणांतून साचलेले शिंपल्यांचे थर उकरून ते रस्त्यावर पसरले. ही जमीन मूळच्या लोकांनी कधी कोणाला दिलेली नव्हती, हे नगरपालिकेने ठराव करून मान्य केले ते २०१४ साली. माझ्या नकाशात तो रस्ता आहे. मीही त्याला छानपैकी पिवळा रंग दिला आहे.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. २३ मे १८८७ रोजी देशाच्या दुसऱ्या टोकाकडून निघालेली पहिली उतारूगाडी व्हँकूव्हरला पोचली आणि लोकांनी तिचे जंगी स्वागत केले. ते इंजिन अजून जपून ठेवले आहे. बरोबर सत्तावीस वर्षांनी, २३ मे १९१४ रोजी, त्याच शहरापुढे कोमागाता मारू नावाची आगबोट येऊन थांबली. तिच्यावर ३७६ हिंदी माणसे होती, बहुतेक पंजाबातले शीख. गुरदित सिंगांनी ती बोट भाड्याने घेतली होती आणि ४ एप्रिलला ती हाँगकाँगहून निघाली होती. या माणसांनीही बेत आखला होता. माझ्या बेतापेक्षा कितीतरी अधिक कष्टाने आणि कर्जाने. पण १९०८ पासून तिथे नियम होता की माणसाने आपल्या जन्मदेशाहून कुठेही प्रवास न मोडता थेट यावे. आणि हिंदुस्थानाहून थेट येणारी बोटच नव्हती. वर प्रत्येकाच्या हाती २०० डॉलर हवेत. चोवीस जणांना उतरू दिले. बाकीचे दोन महिने किनाऱ्यासमोर पाण्यात राहिले, अन्नापाण्याचे हाल सोसत. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी पैसे उभे केले, कोर्टात दाद मागितली. उपयोग झाला नाही. २३ जुलैला लढाऊ जहाजाच्या पहाऱ्यात त्यांना परत पाठवले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरल्यावर गोळीबार झाला आणि त्यांत वीसच्या आसपास माणसे मेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी लोकसभेत या गोष्टीची माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी.

त्या माणसांनी डेकवरून दोन महिने ते शहर पाहिले. रोज संध्याकाळी त्याचे दिवे लागताना पाहिले. एखादे शहर इतके टक लावून कोणी पाहिले नसेल. पण ते पाहुणे होऊ शकले नाहीत. कारण पाहुणा होणे हे एकट्या येणाऱ्याच्या हातचे नसते. समोरच्याने दार उघडावे लागते. खाडीकाठी त्यांचे स्मारक आहे. माझ्या वेळापत्रकात चौथ्या दिवशी मी त्याला अर्धा तास दिला होता.

याचा अर्थ बेत आखणेच वाईट, असा मी काढत नाही. वाटेल तिथे जावे, वाटेल तिथे वळावे, हा उपदेश ज्याच्या खिशात पैसा खुळखुळतो त्याला शोभतो. ज्याने सहा वर्षे भविष्यनिर्वाह निधीला हात न लावता, दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून तिकीट काढले, त्याने पाऊसपाणी, अंतर आणि भाडे पाहू नये असे कोण म्हणेल? परक्या घरी जाताना तिथले रीतिरिवाज विचारून जाणे हा शिष्टाचारच आहे. तयारी करावी, अवश्य करावी. प्रश्न आहे तो तयारीच्या आड आपण काय लपवतो याचा.

आणि इथे, वाचकहो, ऐन सणासुदीला आपल्यापुढे एक कबुली देणे मला भाग आहे.

मे २०२१ मध्ये आमची आई गेली. बहीण आली नाही. तिने सारे फोनवर पाहिले. तेराव्याच्या दिवशी मी तिला म्हणालो, "तुला यायचं असतं तर आली असतीस." ती काही बोलली नाही. त्या वर्षी २२ एप्रिलपासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी विमाने त्या सरकारने बंद केली होती. आडवाटेने ती इकडे आली असती, तर परत कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता, आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. हे मला आज कळले असे नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते. कोमागाता मारूवरल्या माणसांच्या दुःखाशी आमच्या दुःखाची बरोबरी करण्याचे धाडस मी करणार नाही. एवढेच म्हणतो, की शंभर वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसांपुढे बंद झालेले दार वाचून मी हळहळलो; माझ्या सख्ख्या बहिणीपुढे बंद झालेले दार मात्र मी तिच्याच माथी मारले.

त्यानंतर आमचे फोन होतात. हवा, भाजी, भाचीची शाळा. त्या वाक्याविषयी कोणी काही काढत नाही. चौदा दिवस, एकही रकाना रिकामा नाही, असे वेळापत्रक मी का आखले, हे आता माझे मलाच उमगले आहे. पूल, घड्याळे आणि बागा पाहत राहिले की बहिणीच्या स्वयंपाकघरात बसावे लागत नाही. पाहणारा होणे सोपे असते. तिथे कोणी आपल्याकडे पाहत नाही.

भाऊबिजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो. कुठे बसायचे ते ती सांगते, पाट ती मांडते, ताटात काय वाढायचे ते ती ठरवते. भाऊ वेळापत्रक घेऊन जात नाही. लहानपणापासून दर वर्षी केलेली ही गोष्ट नकाशा काढताना मला आठवली नाही.

परवा मी वेळापत्रकातले नऊ दिवस खोडले आणि तिला कळवले. ती म्हणाली, "स्टॅन्ली पार्क ठेव हं. अकरा वर्षांत मीसुद्धा दोनदाच पाहिलंय. आपण मिळून जाऊ." मग म्हणाली, तिच्या घराजवळच्या बागेत संध्याकाळी पंजाबी आज्या बाकांवर बसतात, त्यांच्याशी तिची गट्टी आहे, त्यांनी आतापासून विचारायला सुरुवात केली आहे, तुझा भाऊ कधी येतो म्हणून. स्मारकाचा अर्धा तासही मी खोडला आहे. तिथे किती वेळ उभे राहावेसे वाटेल ते तिथे गेल्यावर कळेल.

आईविषयीचे बोलणे कोणत्या दिवशी होईल, ते लिहिलेले नाही. त्याला तास नेमून देता येत नाही. ते मीच काढायला हवे, एवढे ठरले आहे.

नकाशाच्या खालच्या कडेला मी आणखी एक ड्रॉइंग पेपर चिकटवला आहे. त्यावर फक्त नदीचा दुसरा काठ काढला आहे. घरातून विचारणा झाली, "हा कोरा का ठेवलात?" मी म्हटले, "तो भाची भरणार आहे. रंगपेटी सामानात घेतली आहे."